बॉयलरपुरतं इंग्रजी

कारभारीने लेक कोकिळा जालन्याकडे दिली, ते साल एकोणीसशे अठ्ठावीस. मांडव उतरतो न उतरतो तोच कापसातून सरकी काढायच्या जिनाच्या मालकाने त्याला बोलावून एक कागद दाखवला.

देऊळगाव राजाच्या वेशीबाहेरच्या त्या जिनात कारभारी सोळा वर्षं बॉयलर चालवत होता. आता त्यासाठी परीक्षा निघाली होती. दसऱ्याच्या आधी नागपूरहून साहेब येणार, त्याला मराठी येत नाही आणि दुभाष्या चालणार नाही. सर्टिफिकेट मिळालं नाही तर हंगामाला अकोल्याचा माणूस बॉयलरवर बसणार.

"मंग मी काय करू?" कारभारीने विचारलं.

"सरकी ओढायले ये," मालक म्हणाले.

कारभारीचं वय चव्वेचाळीस. अक्षरं म्हणजे त्याला मुंग्यांची रांग. घरी आल्यावर बायकोला, झुंबरबाईला, त्याने सगळं सांगितलं.

"बॉयलर पाण्यावर चालते का इंग्रजीवर?" ती म्हणाली.

"आता दोन्हीवर," तो म्हणाला आणि तसाच उठून हिंमतराव मास्तरांकडे गेला.

हिंमतराव पोस्टातून पेन्शन घेतलेले. गावात नीट इंग्रजी येणारे तेच. छातीला दमा, बोलताना दर वाक्याला थांबावं लागे. त्यांनी शाळेचं पुस्तक काढलं. गाय झाली, मांजर झालं. चौथ्या दिवशी कारभारी म्हणाला, "मास्तर, गाय मले वळखते, मी गाईले वळखतो. मधात इंग्रजी कायले? मले बॉयलरचं शिकवा."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "बॉयलरचं मले बी नाही येत, कारभारी. माहा जन्म कार्डं अन् पाकिटं वाचण्यात गेला."

"मंग?"

"मंग उद्या तुहा बॉयलर दाखव मले."

मालकाच्या कपाटात बॉयलरबरोबर विलायतेहून आलेलं पुस्तक होतं. सोळा वर्षांत ते कोणी उघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन दोघं बॉयलरघरात गेले. दाराशी कारभारीने मास्तरांना थांबवलं. "जोडे बाहेर काढा. याच्यापुढं मी कधी जोडे घालून उभा नाही राह्यलो." मास्तर जोडे काढून अनवाणी आत आले.

मग रोज सकाळी तेच. मास्तर पुस्तकातून वाचत आणि अर्थ लावत. "वाफ जास्त झाली की आपसूक उघडते, असं लिहेल आहे. कोणतं असंल बे ते?"

"ते वरतं टोपण."

"सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात त्याले."

कारभारी टोपणावर हात ठेवून तो शब्द दहादा म्हणे. ज्या काचनळीत पाणी दिसे ती गेज ग्लास, भट्टीचं दार ते फायर डोअर. श्रावण गेला, भादवा गेला. मास्तरांचा खोकला वाढला, पण खाडा पडला नाही. जिनातले हमाल दारातून हसत, "कारभारी बॉयलरले मंत्र देऊन राह्यला." कारभारी वळूनही बघत नसे.

परीक्षेच्या सकाळी झुंबरबाईने त्याच्या पायात लेकीच्या लग्नात घेतलेले बूट चढवले. डाकबंगल्यात साहेब टेबलामागे बसला होता. त्याने गेज ग्लासचं विचारलं. कारभारीला शब्द ओळखीचा वाटला, पण तोंडातून काही निघेना. हात हवेत चाचपडत राहिले, तिथे धरायला काही नव्हतं. दुसरा प्रश्न झाला, तिसरा झाला. साहेबाने कागदावर रेघ मारायला टाक उचलला.

आता सरकीच ओढायची, असं कारभारीच्या मनात आलं. पण तो उठला नाही. हात जोडून म्हणाला, "सर, बॉयलर. कम."

साहेबाने टाक खाली ठेवला. दुपारी त्याला बॉयलर तपासायला जायचंच होतं. त्याने टोपी घेतली.

बॉयलरघराच्या दाराशी कारभारीने बूट काढले. थंड फरशीला पाय टेकले आणि तो सरळ काचनळीपाशी गेला. साहेबाने पुन्हा विचारलं, काचेत पाणीच दिसेनासं झालं तर?

कारभारीने काचेवर हात ठेवला. "नो वॉटर, नो फीड." पाणी सोडायची तोटी त्याने मुठीत घट्ट धरली, कोणी उघडू नये तशी. मग भट्टीचं दार उघडून निखारे ओढून काढल्यासारखं केलं. "फायर आऊट. मॅन आऊट." तापलेल्या कोरड्या बॉयलरात गार पाणी सोडलं तर तो फुटतो, हे त्याला इंग्रजीच्या आधीपासून ठाऊक होतं. एकेका भागाला हात लावत तो पुढे सरकत गेला आणि एकही नाव चुकलं नाही.

साहेबाने सही तिथेच केली, कागद बॉयलरच्या अंगावर टेकवून.

कारभारी कागद घेऊन अनवाणीच मास्तरांकडे गेला. मास्तर खाटेवर होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. "तुहे बूट कुठं?"

"राह्यले तिथंच."

"बरं झालं," मास्तर म्हणाले.

हिंमतराव मास्तर एकोणीसशे एकोणतीसच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दम्याने वारले. त्या दिवशी जिन चालू होता, आणि बॉयलरवर कारभारी होता.