दीड हात वाढलेले गॅरेज

या घरातली थोरली मुलगी जन्मली, त्याच वर्षी मी बांधले गेले. मी एक जुने गॅरेज आहे, मित्रांनो. घरापासून वीस पावलांवर, अंगणाच्या कोपऱ्यात मी एकटेच उभे आहे. माझी पाठ शेजारच्या कुंपणाकडे. "हद्दीपासून एक मीटर सोडायचा. मागून माणूस फिरला पाहिजे, छपराचं पाणी आपल्याच जमिनीत पडलं पाहिजे," असे गवंडी म्हणाला होता. त्या बोळात मांजर झोपे, आणि शेजारच्या अंजिराच्या सावल्या माझ्या भिंतीवर पाण्यासारख्या हलत. तेव्हापासून मला पाण्याची स्वप्ने पडतात.

बाबा ट्रक चालवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्यात उभी असणारी गाडी विकली आणि माझ्या पोटात होडी बांधायला घेतली. आईला तळ्याच्या पलीकडे न्यायचे, असे त्यांनी लग्नात कबूल केले होते म्हणे. रंध्याच्या सालींचा वास माझ्या विटांत मुरला. बाबांचे हात थरथरू लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे ते जाणून होते.

पण बाबांनी माझे माप बाहेरून घेतले होते! भिंतींची जाडी वजा करायची राहिली. होडीचे शेपूट दीड हात दाराबाहेर आले. दार मिटेना, फळ्या दवाने फुगू लागल्या.

"अहो, आयुष्यभर ट्रक मागे घेतलात, आणि लांबी कळली नाही?" आई म्हणाली.

"ट्रकला आरसे असतात," बाबा पुटपुटले.

पुढे रस्ता होता, म्हणून मला मागेच वाढवायचे ठरले. नगरपालिकेच्या कचेरीतल्या कारकुनाने नकाशा पाहिला. "एक मीटरच्या आत यायचं तर शेजाऱ्यांची लेखी संमती आणा. त्या बाजूला खिडकी नको, पाणी तिकडे नको."

बाबांचा चेहरा उतरला. शेजारच्या मास्तरीणबाईंशी त्यांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. माझ्या छपरावर आलेली बाईंच्या अंजिराची फांदी बाबांनी न विचारता तोडली होती.

चार दिवस बाबा कागद घडी करून खिशात घेऊन फिरले. पाचव्या दिवशी कुंपणाशी गेले. माझ्या पाठीला सगळे ऐकू येत होते.

"या ड्रायव्हरसाहेब. आज कुऱ्हाड नाही आणली?"

"चुकलंच माझं, बाई. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

एक पिकलेले अंजीर टपकन बोळात पडले.

"टेप आणा," बाई म्हणाल्या. "तुमच्या मापावर माझा विश्वास नाही."

त्यांनी स्वतः मापले, दोनदा. मग सही केली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: पहिल्या फेरीला मी बसणार.

मी दीड हात वाढले. छपराचे पाणी नेणारी पन्हाळ आपल्या अंगणाकडे वळवली. दार मिटले, तेव्हा होडी माझ्या कुशीत इतकी नेमकी बसली की मीच तरंगते आहे असे मला वाटले. पहिल्या फेरीनंतर तळ्यावरून तिघेही चिंब भिजून परतले. आई हसत होती, आणि बाई बाबांना वल्ही कशी मारावीत ते शिकवत होत्या.

मित्रांनो, होडी आता माझ्याकडेच असते. तिला वर्षातून एकदा तेल लावा. पन्हाळीतली पाने काढा. उरलेल्या अरुंद पट्टीत अडगळ टाकू नका, मांजर अजून तिथेच झोपते. आणि मला पुन्हा वाढवायचे झाले, तर आधी कुंपणापलीकडे हाक मारा.

थोरलीला पन्नासावे लागले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वारले; म्हणून हे सगळे तुम्हाला सांगून ठेवते.