भिंतीकडे वळवलेला गुलाब

मित्रांनो, शिवणकाम करणाऱ्या एका ताईंच्या खिडकीखाली फिक्या गुलाबी फुलांचे जे पसरट झुडूप उभे आहे, ते म्हणजे मी. आता माझे वय झाले आहे. बुंधा मनगटाएवढा जाड झाला आहे आणि सालीला भेगा पडल्या आहेत. फुले मात्र अजून तशीच येतात. वाटीसारखी उघडतात, पाकळ्यांनी गच्च भरतात आणि आपल्याच भाराने मान खाली घालतात. लोक मला प्रेमाचे फूल म्हणतात. पण माझ्या आयुष्याची उमेदीची वर्षे एका सुडाच्या कामी आली, आणि तीच हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे.

मी आधी एक साधी काडी होतो. गल्लीच्या तोंडाशी एका घड्याळजीचे छोटे दुकान होते. तो एका गिऱ्हाइकाकडे भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करायला गेला, तेव्हा त्याने त्यांच्या बागेतून मला मागून घेतले. ओल्या रुमालात गुंडाळून त्याने मला ताईंच्या हातात दिले. ताई तेव्हा तरुण होत्या. एकट्या राहत, दिवसभर मशीन चालवत आणि आपला चरितार्थ चालवत. घड्याळजी त्यांच्याकडे नेहमी येई. त्या दिवशी तो म्हणाला, "याला पहिलं फूल आलं की मी तुझ्या भावाकडे जाऊन बोलतो."

मित्रांनो, माझ्या नावाने दिलेला तो शब्द मी ऐकला आहे.

ताईंनी माझे टोक तिरपे कापले, तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू आणि माती कालवली, मला त्यात खोचले आणि वर काचेची बरणी पालथी घातली. पाने फुटली तशी त्यांनी मला परसात लावले. परस म्हणजे दोन चटया अंथराव्यात एवढीच जागा, आणि पलीकडे छातीइतकी भिंत. भिंतीपलीकडे बेकरीवाल्याचे घर होते.

बेकरीवाला एकटाच राहत असे. त्याची एकुलती एक मुलगी मामाकडे वाढली होती. ती शिकून घरी परत आली आणि सगळे बदलले. घड्याळजी मला पाहायला म्हणून परसात यायचा, पण त्याची नजर भिंतीवरून पलीकडे जायची. मग तो परसात यायचा बंद झाला. गल्लीत कुजबुज झाली, पण बेकरीवाल्याच्या तोंडावर कोण बोलणार? माझी पहिली कळी अजून हिरवी होती, तेवढ्यात घड्याळजीचे लग्न होऊन गेले. मुलगी एकटी, घर मोठे, बेकरी चालती. तो घरजावई होऊन पलीकडेच राहायला आला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताई कापडाची कात्री घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. धार जाईल म्हणून ती कात्री त्या कागदालाही लागू देत नसत. त्या दिवशी त्यांना धारेचे भान नव्हते. त्यांनी पाती माझ्या बुंध्याला लावली आणि तशाच थांबल्या. पलीकडे दाराची कडी वाजली होती. घड्याळजी दात घासत अंगणात आला होता.

ताईंनी कात्री काढून घेतली. खाली वाकून त्या मला हळूच म्हणाल्या, "नाही. तू वाढ. त्याच्या नाकासमोर वाढ. रोज दार उघडलं की तूच दिसला पाहिजेस त्याला."

त्यानंतर माझी जी बडदास्त राहिली, ती फार थोड्या गुलाबांच्या नशिबी येते. शेणखत, चहाचा चोथा, चुलीतली राख, सगळे वेळच्या वेळी मिळे. पाणी फक्त बुंध्याशी घालत, पानांवर थेंब पडू देत नसत. पानांवर काळे ठिपके दिसले की ती पाने खुडून लांब नेऊन जाळत. थंडीत छाटणी करायच्या. आमच्या फांदीवर बारीक फुगीर डोळे असतात. ज्या डोळ्याच्या वर फांदी कापावी, त्या डोळ्याच्या दिशेने नवी फांदी धावते. ताईंनी हे हेरले आणि दर छाटणीला भिंतीच्या बाजूचा डोळा राखून बाकीचे काढून टाकले. माझी प्रत्येक फांदी भिंतीकडे गेली, भिंतीवर चढली आणि पलीकडे ओसंडली.

खोटे कशाला बोलू? मलाही चेव चढला होता. माझे नाव घेऊन फसवलेल्या माणसाला मी सुखाने चहा पिऊ देणार नव्हतो. पहिल्या बहरात त्याने दार उघडले आणि मला पाहून तो जागीच थिजला. पाण्याचा तांब्या त्याच्या हातातून निसटला. खिडकीत बसलेल्या ताईंनी तो आवाज ऐकला, आणि त्या दिवशी त्यांचे मशीन सुसाट पळाले.

वर्षे अशीच गेली. गल्लीतून जाणारे लोक बेकरीवाल्याच्या अंगणात डोकावून माझे कौतुक करत. ताईंच्या बाजूला मात्र माझ्या नुसत्या काटक्या होत्या. एकही फूल त्यांना दिसत नसे. वास येई तेवढाच. त्यांना त्याचे काही वाटत नव्हते. पलीकडे तो जळतो आहे या विचारावर त्या जगत होत्या.

पण पलीकडे कोणी जळत नव्हते. भिंतीच्या त्या बाजूला माझे तोंड होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. घड्याळजी चार दिवस बिचकला, मग सरावला. मग एके दिवशी त्याने माझे सर्वांत भरलेले फूल तोडले आणि बायकोच्या हातात ठेवले. ती मोहरून गेली. पुढे ते रोजचेच झाले. ताईंनी राबून मला फुलवायचे आणि त्याने फुकटात मिरवायचे. मी आतल्या आत धुमसत होतो. पण झाडाला बोलता येत नाही.

शेवटी ते घड्याळजीच्या बायकोनेच सांगितले. ती एक झगा बेताचा करून घ्यायला ताईंकडे आली होती. ताई तिच्या पायाशी बसून दुमड घालत होत्या आणि त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. खिडकी उघडी होती, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ताई, एक बोलू? तुमच्या गुलाबानं माझा संसार गोड केला. हे सांगतात, लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी तुम्हाला सांगून हे झाड माझ्यासाठी लावून घेतलं. आणि तुम्ही इतकी वर्षं ते जपलंत."

ताईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत खोचल्या. मग त्या म्हणाल्या, "आणलं त्यानंच. पण तुझ्यासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

ताईंनी खिडकीकडे पाहिले. बायकोची नजर खिडकीबाहेर गेली. या बाजूने तिने मला कधी पाहिलेच नव्हते. उघड्या काटक्या, कापलेली टोके, आणि सगळ्या फांद्या पाठ फिरवून पलीकडे निघालेल्या.

"तुम्हाला एकही फूल दिसत नाही इथून?" तिने विचारले.

"मला बघायचं नव्हतं. त्याला दाखवायचं होतं."

ताई उठल्या, कोपऱ्यातले फावडे घेऊन परसात आल्या आणि माझ्या मुळाशी पहिला घाव घातला. त्यांचा चेहरा पाहून मी समजलो की आज आपली खैर नाही. एवढी वर्षे आपण त्याचाच संसार शिंपत होतो, हे त्यांना सहन होत नव्हते. तेवढ्यात बायको अर्धवट टाचलेल्या झग्यातच बाहेर आली आणि तिने फावड्याचा दांडा धरला.

ती म्हणाली, "उपटू नका. हलवू या."

भर उन्हाळा होता. झाड हलवायची ती वेळ नव्हे. दोघींनी मिळून भोवती खोल चर खणला, भिंतीकडच्या सगळ्या फांद्या छाटल्या आणि ओल्या गोणपाटात मुळे बांधून मला घराच्या दुसऱ्या अंगाला, गल्लीकडच्या खिडकीखाली आणले. माझी कितीतरी मुळे तुटली. त्या वेदना मी अजून विसरलेलो नाही. पण मित्रांनो, खरे सांगतो, त्या वेदनेतही मला एकच उत्सुकता होती. तो घरी आल्यावर काय होईल?

पुढचे मी बायकोने ताईंना सांगताना खिडकीतून ऐकले. संध्याकाळी तो आला. भिंत बोडकी झाली होती. बायको ओट्यावर बसली होती, कोपरापर्यंत मातीने माखलेली. गुलाब कुठे गेला असे त्याने विचारले.

"जिच्यासाठी आणला होता तिच्याकडे," ती म्हणाली. "भूक असेल तर वाढून घ्या. माझे हात मातीचे आहेत."

तिने आरडाओरडा केला नाही. वडिलांना मात्र सगळे सांगितले. बेकरीवाल्याने जावयाला घराबाहेर काढले नाही, पण त्याचे लाड संपले. आता त्याला पहाटे भट्टीपाशी उभे राहावे लागे, पावांचे गरम पत्रे वाहावे लागत, आणि मग उरलेल्या वेळात घड्याळे. तो कुठून कुठून फुले आणून बायकोपुढे धरी. ती म्हणे, "ठेवा तिकडे." आणि ती तिकडेच वाळत.

मी मरता मरता वाचलो. एक अख्खा हंगाम मला कळी आली नाही. ताई दिवसातून अनेकदा येऊन माझी काडी नखाने खरवडून पाहत. आत हिरवे दिसले की निश्वास सोडत. मग नवे डोळे फुटले, आणि या खेपेला ताईंनी सगळ्या बाजूंचे राखले. मी खिडकीत फुललो. ताईंनी माझे फूल पहिल्यांदा समोरून पाहिले, तेव्हा त्या मशीन थांबवून तशाच बसून राहिल्या.

त्याच बहरात एका दुपारी घड्याळजी गल्लीतून चालला होता. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने ताईंच्या खिडकीपुढच्या कुंपणावरून हात घातला. बायकोचा रुसवा काढायला त्याला माझेच फूल हवे होते. मी त्याची बाही धरली. त्याने हिसका दिला, मी सोडली नाही. पांढराशुभ्र सदरा कोपरापासून मनगटापर्यंत टरकन फाटला.

घरी बायकोने फाटलेली बाही पाहिली. बाहीला माझी एक पाकळी चिकटली होती. तिने शांतपणे सांगितले, "शेजारी टाका शिवायला. तुम्हीच जा."

तो ताईंच्या दारात उभा राहिला, मान खाली घालून. ताईंनी सदरा घेतला, त्याच्याकडे न पाहता दोऱ्यांच्या पेटीतून भडक गुलाबी रीळ निवडले आणि पांढऱ्या बाहीवर जाड, ठसठशीत टाका घातला. दुसऱ्या दिवशी बायकोने दुसरा सदरा धुतलेला नाही असे सांगितले. तोच घालून त्याला दुकानात बसावे लागले. गिऱ्हाईक घड्याळ पुढे करी आणि त्याच्या बाहीकडे बघत राही.

मित्रांनो, सूड वाईट असतो असे तुम्हाला मोठी माणसे सांगतील. असेलही. मी गुलाब आहे, मला तो सदरा फार आवडला. माझे तुमच्याकडे मागणे एवढेच आहे. रोप लावाल तर ते रोपासाठीच लावा, कोणाला जळवायला नको आणि कोणाला भुलवायलाही नको. बुंध्याशी पाणी घाला, रोगट पाने वेळीच काढा. आणि माझे फूल हवे असेल तर खुशाल दार वाजवून विचारा. ताई कोणालाच नाही म्हणत नाहीत. फक्त एक माणूस सोडून.