विमानाची चुनरी

कामठीजवळच्या धानाच्या बांधीत फ्लाइंग क्लबचं विमान नाक खुपसून पडलं, त्याला चार दिवस झाले होते आणि तिथे जत्रा भरली होती. विमान एकटीनं उडवणारी प्रेमिला पाय मोडून का होईना, वाचली. चौकशीवाले येण्याआधीच बाबाराव भगतानं पंखाखालच्या नळीवरचं लाल फडकं काढून नारळावर पसरलं होतं.

"देवीची चुनरी होय हे," तो घुमत सांगे. "बाई आभायात गेली, देवी कोपली, खाली ओढलं. पण लेकरू म्हणून पदर घातला. तापवाल्यानं एकदा हात लावा, कोर्टवाल्यानं दोनदा."

प्रेमिलाचे वडील महादेवराव हात जोडून पुढे उभे होते. "माय, आता पोरीले विमानात पाठवत नाही. शब्द देतो."

मागे उभ्या विश्वनाथांनी, म्हणजे तिच्या शिक्षकांनी, फडकं लांबूनच ओळखलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

दसऱ्याला क्लबात विमानांची पूजा होते. चाकांना कुंकू, पंखांना झेंडू, जागोजागी लाल कापड. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच उड्डाणाआधी विमान तपासताना प्रेमिलानं विचारलं होतं, "सर, नळीवर हे लाल काय आहे?" हातातला चहा खाली न ठेवता ते म्हणाले होते, "पूजेचं असेल. राहू दे." चौकशीत शिकाऊ मुलीची चूक ठरली. तिनं सरांचं नाव घेतलं नाही. सरांनीही घेतलं नाही, याची आता त्यांना भयंकर लाज वाटत होती.

"महादेवराव, शब्द देऊ नका," ते पुढे होऊन म्हणाले. "या नळीत हळू फुंका."

महादेवरावांनी फुंकलं. विश्वनाथांच्या सांगण्यावरून विमानात वाकून पाहणारा पहाऱ्यावरचा हवालदार म्हणाला, "काटा हलला."

विश्वनाथांनी नारळावरचं फडकं उचलून नळीवर चढवलं. "आता फुंका."

"हालून नाही राहिला," हवालदार म्हणाला.

"हा वेगाचा काटा. नळीत वारा गेला तरच वेग कळतो. ही चुनरी नाही, धूळ जाऊ नये म्हणून घालायची टोपी आहे. बांधायची नाडी पाहा. क्लबचा तीन नंबर पाहा."

"देवीबी नंबर टाकते," बाबाराव पुटपुटला, पण गर्दीत हसू आधीच पसरलं होतं.

विश्वनाथ हसले नाहीत. "टोपी काढायची राहिली. काटा शून्यावर, वेग समजेना. उतरताना तो फार कमी झाला आणि विमान पडलं. पोरीनं विचारलं होतं. मीच राहू दे म्हणालो. देवीनं काही केलं नाही, मी केलं. चौकशीतही हेच लिहून देतो."

महादेवराव त्यांच्याकडे वळले. "मंग चार दिवस काहून नाही बोलले गा?"

"भ्यालो," विश्वनाथ म्हणाले. "तुम्ही हात जोडत होतात, ते मला सोयीचं होतं. हात जोडण्याआधी विचारत जा, महादेवराव. तुमची पोरगी विचारते."

महादेवरावांनी नळीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली. "चला दवाखान्यात. हे तिच्यासमोर सांगा."

विश्वनाथ खाली मान घालून त्यांच्या मागे निघाले.