भस्माने झाकलेली माझी खिडकी

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आहे. पण जुना म्हणून मला कमी लेखू नका. माझ्या आकड्यांच्या वर एक काळसर खिडकी आहे. तिच्यातून मी उजेड खातो आणि त्यावरच जगतो. सेल नावाची वस्तू माझ्या पोटात कधी गेलेली नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. मला पहिली आठवण आहे ती लातूरच्या मलप्पांच्या दुकानाची. काचेच्या पेटीत माझ्या शेजारी दोन भाऊबंद होते. एक उन्हावरही चालायचा आणि सेलवरही. दुसऱ्याचा तोरा सगळ्यांत मोठा, पण त्याची खिडकी म्हणजे नुसता रंगवलेला प्लास्टिकचा तुकडा! सारी मदार पोटातल्या सेलवर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

एके दिवशी जळकोटच्या उमादेवी दुकानात आल्या. त्या नुकत्याच लग्नकार्यांत स्वयंपाकाची कामं घेऊ लागल्या होत्या. पानं वाढली की गहू, गूळ, खोबरं किती वाढवायचं, हे त्यांना झटपट कळायला हवं होतं. त्यांनी आम्हा तिघांच्या खिडकीवर बोट ठेवून पाहिलं. त्या दोघांचे आकडे तसेच राहिले, माझे मात्र विझले.

"हे तर बंद पडलं की ओ," त्या म्हणाल्या.

मलप्पा हसले. "ताई, हेच खरं उन्हावरचं हाय. पर तुम्ही दोन्हीवर चालणारं घ्या. अंधारात बी चालतंय."

"अन् सेल संपला म्हंजी? तसला बारका सेल आमच्याकडं लवकर गावत न्हाई. मी दिवसा रांधते. हेच द्या."

तेव्हापासून मी त्यांच्या चुलीजवळ आहे. वाफ, पीठ, गुळाचे चिकट हात, सगळं सोसलं. कुणी कौतुक केलं की उमादेवी मला उचलून दाखवायच्या. मला मूठभर मांस चढायचं, म्हणजे असतं तर चढलं असतं.

मग दसऱ्याचं काम आलं. गावातल्या अमरनाथांची वास्तुशांत होती आणि पंगतीला हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ-खोबरं घातलेली खीर, करायची होती. आजवर असल्या मोठ्या पंगती संगप्पा आचाऱ्यांकडे जात. "बाईमाणसाला एवढं झेपंल का?" असं लोक उघड विचारू लागले. ही हुग्गी बिघडली असती, तर उमादेवींना पुन्हा कुणी मोठं काम दिलं नसतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. उमादेवींच्या सासूबाई नागुबाई यांनी झारे, कढया, परातींची पूजा केली. मलाही पाटावर बसवलं. भस्म भिजवून तीन ठसठशीत पट्टे ओढले, ते नेमके माझ्या खिडकीवर! मान मिळाला आणि उपासही घडला.

दसऱ्याच्या सकाळी अमरनाथांच्या अंगणात कढईत गहू रटरटत होते, शेजारी नागुबाई खोबरं किसत होत्या. तेवढ्यात अमरनाथ धावत आले. "वैनी, पाव्हणे लई वाढलेत! दीडपट पानं उठतील," असं सांगून ते पुन्हा पाहुण्यांकडे पळाले. उमादेवींनी मला हाती घेतलं. बटणं दाबली. मी गप्प.

"आत्याबाई, हे मेलं की काय? अन् मोबाइल घरी चार्जिंगला हाय!" उमादेवी सासूबाईंना म्हणाल्या.

पंगतीला आलेले संगप्पा तिथंच उभे होते. त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला. बघतो तर काय, आमचा तो तोऱ्याचा भाऊबंद! पण त्याचा सेल उतरला होता. आकडे इतके पुसट की आठ कोणता आणि शून्य कोणतं, कळेना. उमादेवींनी तो परत केला. मला उन्हाकडे धरून पाहिलं, तेव्हा कुठे त्यांचं लक्ष खिडकीवर गेलं.

"भस्म खिडकीवर बसलंय!" त्यांनी पदर उचलला आणि हात तसाच थांबला. देवाचं भस्म पदराने पुसायचं कसं? तिकडे गहू बुडाला लागायला आले होते. मी आतून ओरडत होतो, पण मला आवाज नाही.

नागुबाई पुढे आल्या. पाण्यात बोटं बुडवून त्यांनी माझ्या खिडकीवरचं भस्म अलगद टिपलं आणि तेच उमादेवींच्या कपाळावर ओढलं.

"देवाचं देवाला लागलं, पोरी. आता रांध."

ऊन आत शिरलं आणि मी उजळलो. गहू, गूळ, खोबरं, वेलदोडे, एकेक आकडा मी खणखणीत दाखवला आणि दुसरी कढई चढली. शेवटच्या पंगतीलाही हुग्गी पुरली. संगप्पांनी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाले, "लई झ्याक झालीय." त्या दिवशी माझ्याइतकं ताठ कुणी बसलं नसेल.

आता खंडेनवमीला भस्म माझ्या पाठीवर लावतात. मित्रांनो, घरातली एखादी वस्तू किंवा एखादं माणूस एकाएकी गप्प झालं, तर त्याला मोडीत काढू नका. आधी जवळ घेऊन पाहा. त्याचा उजेड कुणी मायेनेच तर झाकला नसेल?