अंदाजाचा रकाना

मित्रांनो, मी जुना झालो आहे, पण अजून अर्ध्या अंशानेही चुकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मिरवायला माझ्याकडे तेवढंच आहे.

मी कमाल-किमान तापमापक. यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, तिच्यात पारा, आणि दोन्ही बाजूंना पाऱ्यावर टेकलेली पोलादाची एकेक बारीक काडी. पारा चढला की काडीला पुढे ढकलतो. तो माघारी फिरला तरी काडी फिरत नाही, जिथे नेऊन ठेवली तिथेच राहते. त्यामुळे काल ऊन कुठवर चढलं आणि पहाटे गारठा कुठवर उतरला, हे आज सकाळीही माझ्यावर वाचता येतं. वाचून झालं की लोहचुंबकाने काड्या पुन्हा पाऱ्याला भिडवायच्या. मग मी पुढच्या दिवसाला मोकळा होतो.

मी ऊन मोजतो म्हणजे मला ऊन लागतं असा तुमचा समज असेल, तर तो काढून टाका. मला काहीच लागत नाही.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझी नळी फुंकली गेली. एकोणीसशे शहाऐंशीच्या सुमाराला मी पेंढ्यात गुंडाळून चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत आलो. तिथे अभिमन सर भूगोल शिकवत. त्यांनी सुताराकडून झडपांची एक पांढरी पेटी करून घेतली, ती पटांगणात चार फूट उंच खांबावर बसवली आणि मला तिच्यात टांगलं. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, परीक्षेत याला गुण किती?” सर म्हणाले, “शून्य.” आणि दुसऱ्या दिवसापासून आठवीच्या मुलांच्या पाळ्या लावून टाकल्या.

त्या पाळीची एक रीत होती. सरांनी वहीत दोन रकाने आखले होते. एक अंदाजाचा, एक नोंदीचा. पेटी उघडण्याआधी मुलाने पटांगणात उभं राहून काल ऊन किती होतं ते सांगायचं आणि पहिल्या रकान्यात लिहायचं. मगच माझं दार उघडायचं. सर म्हणत, आधी अंगाला विचार, मग काचेला.

कामिनीची पाळी पहिल्यांदा आली ती मार्चमध्ये. तेरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, बोलायला भित्री. तिने लिहिलं अडतीस. मी दाखवत होतो एक्केचाळीस. मुलं हसली. तिने घाईघाईने खोडरबर काढलं, तर सरांनी तिचं मनगट धरलं.

“खोडू नकोस. काच काय म्हणते ते मला कोणीही सांगेल. तुझं अंग काय म्हणालं ते पाहिजे.”

पुढच्या वर्षभरात, नववीत गेल्यावरही, तिला माझं वेडच लागलं. दुसऱ्यांच्या पाळ्या ती मागून घेई. वर्ष संपेपर्यंत तिचा अंदाज एका अंशाच्या आत येऊ लागला होता. दहावी झाली, लग्न झालं, ती गेली. मुलं जातातच. मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे शाळेला नव्या खोल्या झाल्या. पेटीला वाळवी लागली होती, ती मोडून टाकली. मला अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांवर ठेवून दिलं. पाच वर्षं मी तिथे होतो. पत्र्याखाली मे महिन्यात माझी काडी पन्नासपर्यंत जाऊन बसली आणि तिथेच राहिली. तो आकडा खोलीचा होता, गावाचा नव्हता, पण तो वाचायलाही कोणी आलं नाही.

आली ती कामिनीच. सर निवृत्त होणार हे ऐकून भेटायला आली होती. तोवर ती तिशी ओलांडलेली बाई होती, नवऱ्याबरोबर केळीची बाग करत होती. निरोपाचा नारळ वगैरे झाल्यावर तिने विचारलं, “सर, ते काचनं यंत्र शे का अजून?” सरांनी रीतसर परवानगी काढून मला तिच्या पिशवीत घातलं.

तिचा नवरा योगराज मोठा गमत्या माणूस. त्याने जुन्या दाराच्या फळ्यांची पेटी केली, तिला चुना फासला आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळच्या कडुनिंबाखाली मला टांगलं. कामिनी रोज सकाळी साडेआठला येई. वहीत तेच दोन रकाने. योगराज मागून ओरडे, “लिख, वीस!” मे महिन्यात वीस. ती हसत नसे, पण पाठमोरी असताना तिचे खांदे हलत ते मला दिसत.

दहा अंशांखाली केळीची वाढ थांबते, हे तिने शेतीच्या एका पत्रकात वाचलं. पण का थांबते, हे पत्रकात नव्हतं. ते विचारायला ती कृषी विज्ञान केंद्रात गेली आणि तिथून हवेतल्या दमटपणाचं शिकून आली. मग तिने माझ्या शेजारी दुसरी साधी नळी टांगली, तिच्या बुडाला कंदिलाची वात बांधली आणि वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. ओल्या नळीचा आकडा कोरड्या नळीपेक्षा किती खाली राहतो, यावरून हवा किती दमट आहे ते कळतं. पानांवर करपा रोग कधी येईल हे ती त्यावरून सांगू लागली. वयाच्या चाळिशीत दवबिंदूचं गणित ती पाटीवर सोडवायची. गावात तिला हवामान खातं म्हणत. चिडवत चिडवत विचारायलाही येत.

वीसेक वर्षं अशी गेली. चांगली होती असं म्हणतात.

आता गेल्या मे महिन्याचं सांगतो.

त्या आठवड्यात शेतीची वीज दुपारी बाराला येत होती. कामिनी घरी अंगणात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती, कोपरापर्यंत हात पिठात. ठिबकच्या नळ्या तुंबल्या होत्या, म्हणून योगराज चपला घालून निघाला आणि जाता जाता त्याने विचारलं, “किती व्हई आज?”

मी तिथून दोन शेतं लांब होतो. तिने अंगाला विचारलं आणि सांगितलं, “चव्वेचाळीस व्हई. बिगीबिगी ये.”

“चव्वेचाळीस म्हनजे काय ऊन शे? आपीन खान्देशना शेतस,” तो म्हणाला आणि शेतात आला.

हे घरातलं बोलणं मला नंतर कळलं, तिच्याच तोंडून. पुढचं मी स्वतः पाहिलं. त्याने मोटार सुरू केली. बागेत शिरला, दोन तास नळ्या साफ करत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याची चाल तिरपी होत होती. मोटारीच्या खोलीला पाठ लावून तो बसला, माझ्यापासून बारा पावलांवर. मोटार चालू होती, पाणी वाहत होतं, आणि तो पाण्याकडे पाहत नव्हता. माझी काडी साडेसेहेचाळीसवर होती. मी आकडा धरून होतो. हाक मारणं माझ्या घडणीत नाही.

चार वाजता लोक आले आणि त्याला घेऊन गेले.

त्यानंतर कोणी काडी खाली आणली नाही. त्या साली त्याहून चढा दिवस आला नाही, म्हणून पाऱ्यानेही तिला हलवलं नाही. पाऊस झाला, पोळा झाला, दिवाळी झाली. वातीची बाटली कोरडी पडली. कामिनी शेतात येई, माझ्यासमोर उभी राही आणि परत जाई. तिचे डोळे उघडे असत, पण ती वाचत नसे. मी आयुष्यभर काही न वाटता जगलो, त्यामुळे ते मला ओळखू आलं. तिलाही आता काही लागत नव्हतं. थंडीत ती विनास्वेटर उभी असे.

मुलगा स्वप्नील वरणगावच्या कारखान्यात नोकरीला. बाग आली ती सुनेच्या गळ्यात. रूपा भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेली, केळीचं झाड तिने गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं. पण पोरगी हटणारी नव्हती. ती रोज माझ्यापुढे येऊन डोकं खाजवायची. माझ्या डाव्या बाजूचे आकडे उलटे चढतात, थंडी वाढली की काडी वर जाते. तिला वाटे मी बिघडलो.

“आई, हे कसं वाचायचं ते तेवढं सांगा ना. रोपं पिवळी पडतायत,” ती म्हणायची.

“माले काही समजत नही आते,” कामिनी म्हणायची.

ते खोटं नव्हतं. चाळीस वर्षांचं शिकलेलं तिच्या हातातून निसटून चाललं होतं आणि तिला त्याचं दुःखही होत नव्हतं. रूपाने शेवटी अभिमन सरांना फोन केला.

सर माघात आले, एसटीने. सत्याहत्तर वर्षांचे, हातात काठी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सांत्वनाचं एक वाक्यही ते बोलले नाहीत. थेट कडुनिंबाखाली आले आणि म्हणाले, “वही कुठे आहे? शेवटची नोंद कधीची?”

“तेना आदला रोजनी,” कामिनी म्हणाली.

रूपा धावत जाऊन वही घेऊन आली. सरांनी माझ्याजवळ तोंड आणलं, पण त्यांना आकडे दिसेनात.

“वाच,” ते म्हणाले.

कामिनी काचेवर वाकली. मग ती म्हणाली, “साडेसेहेचाळीस.”

“लिही. आणि अंदाज?”

“राहू द्या, सर,” रूपा हळूच म्हणाली. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“चव्वेचाळीस,” कामिनी म्हणाली. “मीच सांगं त्यासले. हात पीठमा व्हतात. दोन शेत चालीसन देखाले गई नही मी.”

“मग तेच लिही.”

तिने लिहिलं. पहिल्या रकान्यात चव्वेचाळीस, दुसऱ्यात साडेसेहेचाळीस. अक्षर वाकडं आलं, पण आलं. सर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

“अंदाज चुकला तरी घाबरू नको, हे मी तुला शिकवलं,” ते म्हणाले. “अंदाजाच्या भरवशावर माणसाला उन्हात पाठवू नको, हे सांगायचं राहून गेलं. मलाही वाटायचं, आपल्या लोकांना ऊन लागत नाही. त्या चुकीतलं निम्मं माझ्या नावावर घाल.”

कामिनीने चुंबक घेतला. काडीला लावला आणि तसाच धरून ठेवला. त्या दुपारचं माझ्याकडे जे काही उरलं होतं ते तेवढंच होतं, आणि तिला ते ठाऊक होतं. कोणी तिला घाई केली नाही. मग तिने हळूहळू काडी खाली आणली, थेट पाऱ्यापर्यंत, एकतीसवर. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे मात्र त्या क्षणी कळलं.

ती रडेल असं रूपाला वाटत होतं. ती रडली नाही. तिने विचारलं, “सर, ऊन मानूसले कसं मारस? आंगमा काय व्हस?”

नऊ महिन्यांत तिने कोणाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. ज्या माणसाला वर्गात कधी उत्तर अडलं नाही, तो म्हणाला, “मला नाही माहीत, बेटा. भूगोलात तेवढं नव्हतं.”

“मंग देखनं पडी,” ती म्हणाली.

ती आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. शाळेतून नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं आणली. एक्कावन्नाव्या वर्षी ती घामाबद्दल शिकली. घाम सुकतो तेव्हा अंग निवतं, आणि हवा दमट असली की घाम सुकत नाही. मग तिने वातीची बाटली भरली आणि ओली नळी पहिल्यांदाच माझ्या शेजारून काढून केळीच्या बागेत आत नेली. बाहेरच्यापेक्षा ओला आकडा आत बराच चढा निघाला. बागेत सावली असते, ठिबकचं पाणी असतं, म्हणून आत माणूस निर्धास्त राबतो. आणि आतच त्याचं अंग निवत नाही. ते वाचल्यावर ती बांधावर बसली आणि रडली. रूपा शेजारी बसून राहिली. संध्याकाळी तिने रूपाला माझी उलटी बाजू वाचायला शिकवली.

एप्रिलमध्ये कापणी आली. केळीची गाडी भर दुपारी येऊन उभी राहिली. मजुरांच्या टोळीचा मुकादम उखर्डू, पन्नास उन्हाळे पाहिलेला माणूस. कामिनी आधी माझ्याकडे आली, मग बागेत जाऊन ओली नळी पाहून आली, आणि बागेच्या तोंडाशी उभी राहिली.

“पाच वाजानंतर,” ती म्हणाली.

“अक्का, आमले ऊन लागत नही,” उखर्डू हसत म्हणाला.

“त्यासले बी लागे नही.”

उखर्डूचं हसणं थांबलं. त्याने माणसांना कडुनिंबाखाली बसवलं. गाडीवाला कुरकुरत राहिला आणि मग तोही येऊन बसला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी जुन्या वस्तूने मला जपा म्हणायचं असतं. मी काच आहे, फुटलो तर दुसरा मिळेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कोणी भर दुपारी चपला घालत असेल, तर हातातलं काम टाकून उठा आणि आकडा पाहून या. तुम्ही येईपर्यंत त्याला दारातून सोडू नका.