चष्म्याची खूण

राष्ट्राध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की समोरच्या पाहुण्याला उठवायचं, ही खूण त्यांच्या खाजगी सचिवानेच ठरवली होती. साहेबांच्या दाराला काचेची अरुंद पट्टी होती. बाहेरच्या खुर्चीवर बसून तो तिच्यातून नजर ठेवायचा. चष्मा उतरला की आत जायचं आणि खालच्या आवाजात म्हणायचं, "साहेब, तातडीचा फोन." मंत्री असो की सेनापती, बिचारा आपणहून उठायचा. कचेरीत सगळे त्याला 'सावली' म्हणत. कोणी कौतुकाने, कोणी जळून.

उद्या साहेब परदेश दौऱ्यावर निघणार होते आणि सावलीजवळ अजून कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. साहेब त्याच्याशिवाय कधीच गेले नव्हते. सकाळी बायकोने विचारलं होतं, "अहो, बॅग भरू की नको? कालपासून आ वासून पडलीय."

"थांब जरा," म्हणत तो चहा तसाच टाकून निघाला.

शेवटी त्याने स्वतःच भेटीची वेळ मागून घेतली. दाराशी पोचला, तर त्याच्या खुर्चीत साहेबांचा जावई.

"जरा टेकलोय, काका. पाठ धरलीय."

"बसा, बसा." त्याने दार ढकललं.

आत साहेब हसले. "ये रे. वहिनींचा गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे. साहेब, उद्याचं विचारायचं होतं..."

"आणि लेक? रमली का सासरी?"

"रमली. साहेब, मी उद्या..."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तो ताडकन उठला. आता कोणाला वाटेला लावायचं, म्हणून सवयीने खोलीभर नजर फिरवली. खोलीत त्या दोघांशिवाय कोणीच नव्हतं.

दार उघडलं.

"साहेब, तातडीचा फोन." जावयाचा आवाज अगदी हवा तसा होता, खालचा, जरासा ओशाळलेला.

"बघतोस ना, श्वास घ्यायला फुरसत नाही," साहेब म्हणाले. "परत आलो की निवांत बोलू."

"हो, हो. फोन आधी." सगळे पाहुणे हेच म्हणत. टेबलावरच्या फोनकडे त्याने बघायचं टाळलं.

बाहेर येताच खिशातला मोबाइल वाजला.

"अहो, काय ठरलं बॅगेचं?"

मोबाइल कानाशी धरून त्याने मागे वळून पाहिलं. काचेच्या पट्टीतून आतलं दिसत होतं. साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला होता.