कोंबबाबाचे दाणे

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर काचेची बरणी, बरणीत पारदर्शक गोळ्या आणि त्यांत तरारलेली मोहरीची रोपं. मातीचा कण नाही! माती होती ती जमलेल्या लोकांच्या डोक्यात.

"हे देवीचे अश्रू!" कोंबबाबा गरजला. "मातीवाचून अंकुर फुटला, मग तुझी कूस का नाही उजवणार, माई?"

गर्दीत बसलेल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्याच गोळ्यांत त्यांनी वर्गात टोमॅटोची रोपं वाढवली होती. आणि आज मंचावर त्यांची वहिनी त्याच गोळ्यांचे न भिजवलेले, कोरडे दाणे तळहातावर घेऊन उभी होती. मूल व्हावं म्हणून ते गिळायचे होते. शेजारी दादा हात जोडून उभा.

"वहिनी, थांबा!" बाईंनी धावत जाऊन दाणे हिसकावले आणि बाबाच्याच पाण्याच्या पेल्यात टाकले.

"पाखंडी! देवीचा कोप होईल!" म्हणत बाबाने प्रवचन सुरू केलं. ते लांबलं, आणि तेच त्याला भोवलं. बाईंनी पेला उचलून उलटा केला. थेंबही सांडला नाही. आत नुसता लगदा थुलथुलत होता.

"हे पाणी शोषणारं रसायन आहे. रोपवाटिकेत पोत्यानं मिळतं. रोपाला ओल देतं, एवढंच. कोंब फुटतो तो बियांतल्या शिदोरीवर. पोटात गेलं तर हेच फुगून आतडं तुंबतं, माणूस मरतो! बाबा, तुम्ही घ्या ना चिमूटभर?"

"माझा आज उपवास आहे," बाबा पुटपुटला. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

बाईंना हसू आलं नाही. "हसता काय? मघाशी टाळ्या तुम्हीच पिटत होतात! कुणी काही गिळायला दिलं तर आधी विचारा, हे आहे काय? उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू नका."

"अगं, पण मूल..." दादा चाचरला.

"वहिनींच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोष नाही. तुझी झाली?"

दादाने मान खाली घातली. वहिनी त्याच्याकडे वळली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टरकडे जायची तुम्हाला लाज वाटते. मी मेले असते, तर ते चाललं असतं?"